पेटंटच्या बातमीचं लॅमिनेशन

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं होणार आहे, आधीच सांगून टाकतो. जागा कमी पडली तर अमेरिकेचं कापा, पण दुधाचं आणि लॅमिनेशनचं कापू नका.

काही महिन्यांपूर्वी तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट आली होती. दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळालं म्हणून एका कंपनीचं कौतुक, मालकांचा फोटो, शाल, नारळ, बुके सगळं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला कळेलच आणि वाचकांना कळून काही उपयोग नाही. त्या दिवशी मी ती बातमी वाचलीच नव्हती (खोटं कशाला बोलू, मी पहिलं पान आणि खेळाचं पान वाचतो). मला ती दिसली तीन आठवड्यांनी, करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या काउंटरवर, व्यवस्थित लॅमिनेशन केलेली. संध्याकाळचं संकलन चालू होतं, बाहेर किटल्यांची रांग, आणि सचिवांनी नेहमीसारखा चहा सांगायचं सोडून ते कात्रण माझ्याकडं सरकवलं. म्हणाले, "ह्येंच्याकडं पेटंट हाय म्हणत्यात. मग तुमचं सॉफ्टवेअर आमी चालवलं तर केस आमच्यावर हुतीया का तुमच्यावर?"

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसतो, गेली चौदा वर्षं दूध संस्थांना सॉफ्टवेअर देतो. मी आणि दोन पोरं, एवढाच स्टाफ. ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो काम काय असतं ते. शेतकरी किटली घेऊन येतो, आपला कोड नंबर सांगतो, दूध काट्यावर ओततात, थोडं सॅम्पल मशीनला लावतात, मशीन फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सांगतं, काटा वजन सांगतो, दोन्ही वायरनं कॉम्प्युटरला जोडलेले, कॉम्प्युटर दरपत्रकात बघतो की म्हशीचं दूध फॅट ६.५ एसएनएफ ९ ला आज काय दर आहे, गुणाकार करतो, पट्टी छापतो आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज टाकतो. दहा दिवसांनी बेरीज करून बिल. झालं.

ह्यात कष्ट नाहीत असं नाही. प्रत्येक कंपनीच्या काट्याची आकडा पाठवायची तऱ्हा वेगळी, एक मशीन आधी शून्य पाठवतं दुसरं नंतर, आणि गगनबावड्याकडच्या एका संस्थेत लाइट गेली की चालू खेपेचं निम्मं रेकॉर्ड गायब व्हायचं, ते शोधायला मी दोन रात्री तिथंच बारदानावर झोपलोय. पण शोध म्हणावा असं ह्यात काही नाही आणि तसं सांगायला मला कमीपणाही वाटत नाही. गवंडी भिंत चांगली बांधतो, म्हणून भिंतीचा शोध त्यानं लावला असं कोण म्हणत नाही.

तर त्या कात्रणाच्या पाठोपाठ मला त्या कंपनीची नोटीस आली. रजिस्टर पोस्टानं, सात पानं, इंग्रजीत. मी धंदा बंद करावा, आत्तापर्यंतच्या कमाईचा हिशेब द्यावा, आणि माझ्या गिऱ्हाईकांना म्हणजे संस्थांना "कळवावं" की हे सॉफ्टवेअर वापरणं धोक्याचं आहे. सोबत पेटंटच्या अर्जातला मुख्य क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय तो भाग, जोडला होता. त्याचं मराठी करायला मला आणि पोरांना एक अख्खी दुपार लागली. संकलन केंद्रातल्या एका किंवा अधिक मोजमाप उपकरणांकडून मूल्यं प्राप्त करणे, ती पूर्वनिर्धारित कोष्टकाशी ताडून देय रक्कम काढणे, आणि ती रक्कम उत्पादकाच्या हस्तोपकरणावर प्रसारित करणे. हस्तोपकरण म्हणजे मोबाईल! आता मला सांगा, आमच्या आजोळच्या संस्थेत जुने सचिव होते ते भिंतीवर चिकटवलेल्या दरपत्रकावर एक बोट आडवं आणि एक बोट उभं फिरवायचे, जिथं बोटं भेटतील तो दर, आणि तिथूनच ओरडायचे, "आरं तुज्या म्हशीला आज साडेसा लागलंय." ह्याच तीन पायऱ्या. फरक एवढाच की तेव्हाचं प्रसारण सचिवांच्या घशातनं व्हायचं.

मी वकिलांकडं गेलो. आमचे वकील चांगले आहेत, चेक बाउन्स, वाटणी, कुळाची भानगड काहीही विचारा, पण पेटंट म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुण्याच्या एका ओळखीच्यांचा नंबर दिला, त्यांनी नुसतं उत्तर लिहायचे चाळीस हजार सांगितले. माझी एका संस्थेकडून वर्षाची मेंटेनन्स फी तीन हजार आहे, साहेब. करा हिशेब.

मग मी स्वतःच वाचायला बसलो, आणि तिथं मला कळलं की पेटंट "मिळालं" नव्हतंच. अर्ज होता. अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, दर शुक्रवारी ते जर्नल निघतं, वेबसाइटवर कुणीही बघू शकतो, आणि जास्तीची फी भरली की अठरा महिने थांबावं पण लागत नाही, लवकर प्रसिद्ध करून मिळतो. म्हणजे "पेटंट पब्लिश झालं" ह्याचा अर्थ एवढाच की अर्ज सगळ्यांना वाचायला खुला झाला, तो बरोबर आहे का चूक हे अजून कुणी तपासलेलं पण नसतं. आणि कायद्यात कलम ११ए मध्ये स्वच्छ लिहिलंय की पेटंट मंजूर होईपर्यंत अर्जदाराला उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. शिवाय कलम १०६ असं आहे की कुणी पेटंटच्या नावानं बिनबुडाच्या धमक्या दिल्या तर धमकी खाणाराच कोर्टात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. आणि कलम १२० म्हणतं की पेटंट नसताना वस्तू पेटंटेड आहे असं सांगितलं तर दंड. म्हणजे कायदा माझ्या बाजूनं! मी खुशीत त्याच सचिवांकडं गेलो, सगळी कलमं वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खरं असंल वो, पर पेपरात आलंय." चेअरमनना कोर्टाचं नाव नको होतं. ती संस्था गेली. त्या उन्हाळ्यात अशा सात संस्था गेल्या, एकाही संस्थेनं माझं सॉफ्टवेअर वाईट आहे असं म्हटलेलं नाही.

आपल्या कायद्यात खरं तर ह्याच्यावर आधीच कुंपण घातलेलं आहे. कलम ३ (के), २००२ च्या दुरुस्तीत आलं आणि २००३ पासून लागू झालं: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम हे शोध धरले जाणार नाहीत. "नुसता" ह्या शब्दात सगळी गंमत आहे, कारण तिथनंच लोक वाट काढतात, प्रोग्राम नुसता नाही हो, काट्याला जोडलाय, मोबाईलला जोडलाय. २००४ च्या डिसेंबरात सरकारनं वटहुकूम काढून हे कुंपण बरंच खाली आणलं होतं, पण २००५ मध्ये संसदेत कायदा करताना ती दुरुस्ती गाळली. २०१६ मध्ये पेटंट ऑफिसनं नियमावली काढली की प्रोग्रामबरोबर नवीन हार्डवेअर पाहिजे, २०१७ मध्ये ती अट गेली. २०१९ ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की तांत्रिक परिणाम दाखवता आला तर प्रोग्राम आहे म्हणून सरसकट नाकारू नका. चुकीचं म्हणत नाही मी, खरोखर काहीतरी नवीन केलेला माणूस असेलच की कुठंतरी. पण दूध मोजून मेसेज टाकणं हा तांत्रिक परिणाम असेल तर उद्या रिक्षाच्या मीटरनं पण शाल-नारळ घ्यावा.

आता अमेरिकेचं. हे सगळं मला दूध संस्थेपुरतं वाटलं होतं, पण वाचत गेलो तसं कळलं की मोठ्या कंपन्यांनी हाच खेळ पंचवीस-तीस वर्षं केलाय, नुसती शून्यं जास्त.

अमेझॉनचं बघा. गिऱ्हाईकाचा पत्ता आणि कार्ड आधीच साठवून ठेवायचं म्हणजे एका क्लिकमध्ये ऑर्डर जाते, ह्या गोष्टीचं त्यांनी १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पेटंट घेतलं आणि ऑक्टोबरात लगेच बार्न्स अँड नोबल ह्या पुस्तकवाल्या स्पर्धकावर केस. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला स्टे मिळाला, म्हणजे नाताळची खरेदी ऐन भरात असताना. दिवाळीच्या तोंडावर महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारानं शेजारच्यावर स्टे आणावा, की गिऱ्हाईकानं पैसे दिल्यावर पिशवी लगेच हातात द्यायची नाही, आधी "नक्की घेताय नव्हं?" असं एकदा विचारायचं, तसलं झालं हे. बार्न्स अँड नोबलनं खरोखर एक क्लिक वाढवली. वरच्या कोर्टानं २००१ मध्ये तो स्टे उठवला, पेटंट टिकेल का ह्यावरच दाट शंका आहे म्हणून. पण नाताळ काय परत येतोय? २००२ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं आणि ते पेटंट २०१७ पर्यंत चालत राहिलं. ॲपलनं तर २००० मध्येच निमूटपणे लायसन्स घेऊन टाकलं होतं.

त्याच ॲपलनं २०११ मध्ये सॅमसंगला कोर्टात खेचलं. त्यात एक मुद्दा असा होता की मोबाईलवर यादी सरकवत शेवटाला गेलात की ती जराशी पुढं ओढली जाते आणि रबरासारखी मागं येते. हे पेटंट! आत्ता तुमच्या हातात फोन असेल तर करून बघा, ह्याच्यासकट काही पेटंटं आणि डिझाइन मिळून ज्यूरीनं २०१२ मध्ये १०५ कोटी डॉलरचा निकाल दिला. पुढं रक्कम कमी झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, शेवटी २०१८ मध्ये मिटवामिटवी. सात वर्षं. सॅमसंगला परवडतं, मला सात महिने पण परवडत नाही.

ह्या भीतीपोटी कंपन्या पेटंटं कशी विकत घेतात ते तर मला आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांसारखं वाटलं, दुसऱ्यानं उचलायच्या आत आपण उचल देऊन ठेवायची. नॉर्टेल नावाची कॅनडाची टेलिफोन कंपनी बुडाली, तिची सुमारे सहा हजार पेटंटं २०११ मध्ये लिलावात निघाली, ॲपल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी गट करून ती ४५० कोटी डॉलरला घेतली. गूगल हरलं. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलनं मोटोरोला मोबिलिटी १२५० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, मोठं कारण तिची पेटंटं, आणि फोनचा धंदा २०१४ मध्ये लेनोव्होला विकायला काढला तो साधारण २९० कोटीला. पेटंटं बरीचशी स्वतःकडं ठेवली. एवढ्या पैशात किती इंजिनियर राबले असते!

आणि लहानाचं काय होतं त्याला टॉमटॉमचं उदाहरण. गाडीत रस्ता दाखवणारी यंत्रं करणारी ही नेदरलँडची कंपनी. मायक्रोसॉफ्टनं २००९ च्या फेब्रुवारीत केस घातली, त्यात फाइलला लांब नाव देता येण्याच्या पद्धतीचं पण पेटंट होतं, आणि मार्च संपायच्या आत टॉमटॉमनं पैसे द्यायचं कबूल करून मिटवलं. पेटंट खरं का खोटं हे ठरलंच नाही, ठरवायची गरजच पडली नाही.

टेक्सासमधल्या मार्शल नावाच्या गावाचं पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव, पण तिथल्या कोर्टात पेटंटवाल्यांचं बरं जमतं म्हणून देशभरातल्या केसेस तिथं जायच्या. काही कंपन्या काहीच बनवत नाहीत, नुसती पेटंटं विकत घेऊन नोटिसा पाठवतात, त्यांचा तर तो अड्डाच. सॅमसंगनं तर त्या कोर्टासमोर लोकांसाठी बर्फावर घसरायचं मैदान बांधायला पैसे दिले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं कुठं केस घालायची ह्यावर लगाम आणला. आपल्याला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळवायला चाळीस वर्षांवर आंदोलनं करायला लागली आणि तिथं गावाला केसेस घरपोच! असो. बेंच आपल्याकडं १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं ही माझ्यासारख्याला मोठी सोय आहे, निदान मुंबईच्या गाडीत रात्र काढायला नको.

आता कोण म्हणेल, २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा कोल्हापूरकर चिडलेच की, तेव्हा हक्क पाहिजे होता आणि आता पेटंट नको म्हणता? माझ्या मेव्हण्यानंच मला हे विचारलं, जेवताना. पण कोल्हापुरी चपलेचं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ चं, हे कुणा एका कारखानदाराचं नाही. आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, तिथला कुठलाही कारागीर नोंदणी करून ते नाव वापरू शकतो. शेजारच्यानं चप्पल शिवू नये म्हणून ते कुणाला वापरता येत नाही. आणि माझा कोड कुणी चोरला तर त्याला कॉपीराइट आहे. एका पोरानं माझंच सॉफ्टवेअर नाव बदलून शाहूवाडीकडं विकलं होतं, तेव्हा मी ते वापरलं, एका पत्रात मिटलं. त्यानं स्वतः बसून स्वतःचं लिहिलं असतं तर मला बोलायचा काय अधिकार? आमचे वडील उद्यमनगरात टर्नर होते. परदेशी इंजिनचा पार्ट बघून तसा लेथवर काढायचा, मग त्याच्यापेक्षा बरा काढायचा, अशानंच हे उद्यमनगर उभं राहिलं असं ते सांगायचे.

तर मी गप बसलो नाही. पेटंट मंजूर व्हायच्या आधी कुठलाही माणूस विरोध नोंदवू शकतो, कलम २५ (१), त्याला स्पर्धकच असायला पाहिजे असंही नाही. हळदीच्या वेळी काय झालं आठवा. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं आणि माशेलकर साहेबांच्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने दाखले काढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. ती गोष्ट आधीपासूनच चालू होती असा जुना दाखला दाखवायचा, एवढंच. आमच्या दुधाचा हा अर्ज २०२१ चा. म्हणून मी आधीच्या पट्ट्या शोधायला गावोगाव फिरलो. आणि काय घोळ! थर्मल कागदावरच्या पट्ट्या सगळ्या कोऱ्या, शाई उडून गेलेली, नुसते पिवळट तुकडे. शेवटी कागल तालुक्यात एका आजींच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सोसायटीच्या पासबुकात घातलेल्या, जुन्या खडखड करणाऱ्या प्रिंटरच्या पट्ट्या सापडल्या. २०१३ च्या. तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, सगळं ठसठशीत. आजींच्या नातवाचा बटणाचा फोन त्याच ट्रंकेत, चार्जिंग केल्यावर चालू झाला आणि इनबॉक्समध्ये २०१४ चे मेसेज, "आजचे दूध ४.२ लि." पासून पुढं रकमेपर्यंत. मी तिथंच खाली बसलो. आजी म्हणाल्या, "आवं त्यात रडण्यासारखं काय हाय, त्या म्हशीला जाऊन पाच वरसं झाली."

ते सगळे फोटो, पट्ट्या लावून विरोधाचा अर्ज मी मुंबईच्या पेटंट ऑफिसला दिलाय. निकाल काय लागायचा तो लागेल.

तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. पेटंटची बातमी आली की बातमीदारानं एक प्रश्न विचारावा, अर्ज केलाय, प्रसिद्ध झालाय का मंजूर झालाय? मंजूर असेल तर नंबर द्या, अर्ज असेल तर "अर्ज" लिहा. कॉलेजांच्या बातम्यांना पण हेच लावा, डिझाइनची नोंदणी म्हणजे पेटंट नव्हे, प्रसिद्ध म्हणजे मंजूर नव्हे. त्या चौकटीची दुरुस्ती छापली तर बरंच, अर्ज क्रमांक आणि त्याची वेबसाइटवरची स्थिती मी वेगळ्या कागदावर जोडली आहे, तपासून घ्या.

दुरुस्ती नाही जमली तर निदान हे पत्र छापा. स्टेशन रोडला ए-फोरचं लॅमिनेशन वीस रुपयात होतं, सात कॉपी काढायच्या म्हणजे एकशे चाळीस. सकाळचं संकलन संपल्यावर एकेक संस्थेत ठेवून येतो.

आपला,
एक दूध-सॉफ्टवेअरवाला
उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)